दोन शॉटच्या मध्ये

ज्योतीरामभाऊ भाजी घ्यायला उभे राहिले की मागे रांग लागते. वांगं उचलायचं, देठापासून खालपर्यंत बघायचं, हातातल्या हातात फिरवून दुसरी बाजू बघायची, मग उजेडाकडे तिरकं धरायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणारी सोजराबाई एकदा वैतागून म्हणाली, "भाऊ, वांगं हाय त्ये. इंजनात बसवायचंय का?" भाऊ हसले आणि ते वांगं बाजूला ठेवत म्हणाले, "आत कीड हाय." सोजराबाईने तिथेच चिरून बघितलं. होती.

पिंपळे गुरवला आमची दारं समोरासमोर आहेत. ज्योतीराम हुंबे हे मूळचे भूम तालुक्यातले, धाराशिव जिल्ह्यातले. आयटीआय करून इकडे आले आणि महाळुंग्याच्या एका फोर्जिंग कंपनीत लागले, ते आजपर्यंत तिथेच आहेत. बायको कस्तुरा आणि एकच मुलगी, विजयश्री. ती माझ्या शाळेत होती. मी मराठी शिकवायची, त्यामुळे त्या घरात तिघंही मला 'बाई'च म्हणतात.

भाऊंचं काम तपासणीचं. ट्रकच्या इंजिनात फिरणारे जाडजूड दांडे त्यांच्या कंपनीत घडवतात. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दांड्यात केसाएवढी चीर राहिली तरी तो पुढे कधीतरी भर रस्त्यात मोडणार. ती चीर आधीच शोधायची. काळे पडदे लावलेली एक खोली असते. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. मग दांड्यात चुंबकत्व भरायचं, त्यावर लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेलं तेल सोडायचं आणि जांभळ्या दिव्याखाली बघायचं. जिथे चीर असेल तिथे चुंबकत्व बाहेर डोकावतं, भुकटी तिथे गोळा होते आणि हिरवी रेघ चमकते.

असं एकदा चुंबकत्व भरण्याला ते 'शॉट' म्हणतात. प्रत्येक दांड्याला दोन शॉट. पहिल्यात चुंबकत्व दांड्याभोवती गोल फिरतं. दुसऱ्यात ते लांबीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं. लांबीच्या चिरा गोल शॉटला सापडतात, आडव्या चिरा लांब शॉटला. मला हे त्यांनी एका गणपतीत, आरती झाल्यावर, उदबत्तीच्या पुड्यावर माझीच बांगडी चढवून समजावलं होतं. आणि दोन शॉटच्या मध्ये एक काम असतं, ज्याला त्यांच्याकडे 'डिमॅग' म्हणतात. पहिल्या शॉटचं चुंबकत्व काढून टाकायचं.

"न्हाई काढलं तर?" मी विचारलं होतं.

"दुसरा शॉट जोरदार असला तर त्यो पैल्याला पुसून टाकतो, बाई. पन हलका असला तर पैलाच बोलत ऱ्हातो. आपल्याला वाटतंय दुसरा बोलायलाय."

हे त्यांना एका ट्रकने शिकवलं. विजयश्री तेव्हा दुसरीत होती. मालाबरोबर 'डिमॅग झाले' अशी आधीच्या माणसाने सही केलेली चिठ्ठी आली होती. भाऊंनी चिठ्ठी वाचली आणि दुसरा, हलका शॉट देऊन स्वतःच्या सहीने सगळे दांडे पास केले. पाळी संपताना एका दांड्याला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला दिसला. पहिल्या शॉटचं चुंबकत्व उतरलेलंच नव्हतं. तोवर माल ट्रकमध्ये चढून गेटवर गेला होता. भाऊ पळत गेले आणि ट्रकच्या पुढ्यात उभे राहिले. "सही माजी हाय, पन मी तपासलेलं न्हाई," एवढंच म्हणाले. माल परत उतरवला, पुन्हा तपासला, सात दांडे चिरलेले निघाले. भाऊंना मेमो मिळाला आणि तीन महिने पॅकिंगला बसवलं. कस्तुरा सांगते, त्या तीन महिन्यांत ते लहान मुलासारखे झोपायचे. तेव्हापासून चिठ्ठी कितीही चांगल्या अक्षरात असो, ते चुंबकत्व मोजणारा घड्याळाएवढा मीटर स्वतः दांड्याच्या टोकाला लावतात आणि मगच पुढे जातात.

आता विजयश्रीचं. ती पुण्यात एका संस्थेत संशोधन करते, चौथं वर्ष चालू आहे. भूमची आत्या फोनवर म्हणते, "ताऱ्यांचं शिकायलीस म्हनं, मग आमच्या गणराजची पत्रिका तेवढी बघ की." कस्तुराला कोणी विचारलं तर ती सरळ सांगते, "ताऱ्यांच्या धडका बघती." मला वाटतं, यापेक्षा नीट कोणाला सांगता येणार नाही.

परवाच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सोमवारी तिचं संस्थेत मोठं भाषण होतं, तिच्या मार्गदर्शक मृदुला मॅडम आणि बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर. ते पसंत पडलं की प्रबंध लिहायला बसायचं. शिवाय बंगळूरला देशभरातले लोक जमणार होते, तिथे हेच काम मांडायला मॅडमनी तिचं नाव दिलं होतं. कारण तिच्या हाती काहीतरी निराळं लागलं होतं. मॅडम स्वतः म्हणाल्या होत्या की हे खरं ठरलं तर पुस्तकातली एक समजूत बदलावी लागेल. त्या आठवड्यात पोरगी जिना चढताना गुणगुणत होती.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. मी दत्ताचा प्रसाद द्यायला गेले तर भाऊ खुर्चीवर, कस्तुरा मेथी निवडत आणि विजयश्री लॅपटॉप घेऊन उभी.

"बाई, बसा. बाबा म्हणतायत, तज्ज्ञांना सांगण्याआधी एकदा आम्हाला सांग."

"मराठीत," भाऊ म्हणाले. "चार वर्सं झाली, मला अजून कळालं न्हाई तू काय करतीस."

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. फार मोठा तारा संपतो तेव्हा कधीकधी त्याचा गाभा आत आत दाबला जाऊन एक गोळा उरतो. त्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. त्याची रुंदी चाकणच्या चौकापासून नाशिक फाट्यापर्यंत असते आणि वजन सूर्याहून जास्त.

"एवढं वजन त्या रस्त्यावर?" कस्तुरा म्हणाली. "तरीच ट्रॅफिक सुटत न्हाई."

"आई! ऐक ना. असे दोन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि एकमेकांत मिसळतात. बहुतेक वेळा त्यांचं कृष्णविवर होतं. थोडा माल बाहेर राहतो, तो त्याच्याभोवती तबकडीसारखा गरगरतो. मग वर आणि खाली अशा दोन धारा फुटतात, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. त्यातून गॅमा किरणांचा झोत निघतो. दोन सेकंदांचाही नसतो, पण कोट्यवधी वर्षं प्रवास करून आला तरी आपल्या उपग्रहांना दिसतो."

"धार कशानं फुटती?" भाऊंनी विचारलं.

"चुंबकत्वाने, बाबा. तेच तर माझं काम."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले.

ताऱ्यात मुळात चुंबकत्व असतं. धडकेत ते ढवळलं जातं, पिळलं जातं आणि कैक पटींनी वाढतं. तबकडी फिरते तशा त्याच्या रेषा दोऱ्यासारख्या गुंडाळल्या जातात. गोल रेषा आणि उभ्या रेषा असे त्याचेही दोन प्रकार. उभ्या रेषा पुरेशा बळकट असल्या तर त्यांच्या आधाराने धार वर फुटते. कमजोर असल्या तर माल तिथेच घुटमळतो, सावकाश बाहेर पसरतो, झोत निघत नाही. किंवा निघायला फार वेळ लागतो. आता बळकट म्हणजे किती, हा प्रश्न. तारे काही प्रयोगशाळेत आणता येत नाहीत, म्हणून हे लोक ते मोठ्या संगणकावर घडवून बघतात.

"मी आधी जोरदार चुंबकत्व घालून बघितलं. धार फुटली. ते अपेक्षितच होतं. मग शंभर पटींनी कमी घातलं." तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. शेजारी शेजारी दोन चित्रं होती, दोन्हींत काळ्या ठिपक्यातून वर-खाली पिवळ्या शिखा निघालेल्या. "बघा. दोन्हींत फुटली, आणि जवळजवळ एकाच वेळी. म्हणजे झोतासाठी एवढं चुंबकत्व लागतच नाही. हे आजवर कोणी दाखवलेलं नाही."

मला ती चित्रं फार सुंदर वाटली. समईच्या दोन ज्योती असाव्यात तशी. देवाने केवढा पसारा मांडून ठेवलाय आणि आपल्या गल्लीतली पोर त्यात वाकून बघतेय, असं मनात आलं.

भाऊ मात्र चित्रांकडे तिरकं बघत होते. पुन्हा पुन्हा एकाकडून दुसऱ्याकडे.

"ह्ये दोन येगळे पार्ट हायेत?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याला धडक पैल्यापासनं दिली का?"

"नाही. धडकेचा हिशेब करायलाच संगणकाला कितीतरी आठवडे लागतात. ती एकदाच केली. धडकेनंतरची स्थिती साठवून ठेवली होती, तिथून पुढे दुसरा प्रयोग सुरू केला."

"म्हंजे पार्ट त्योच."

"हो."

"पैला शॉट जड. दुसरा हलका."

"हो, बाबा."

"मग मदी डिमॅग केलतं का?"

विजयश्री हसली. "केलंय हो. प्रोग्रॅममध्ये तशी ओळच आहे. जुनं काढ, नवं घाल."

"वळ हाय म्हंजे चिठ्ठी झाली. मीटर लावला का?"

तिचं हसू गेलं. "बाबा, हे तुमचं महाळुंगे नाहीये. चार वर्षं मी हेच करतेय, मॅडमनी बघितलंय, आमच्या गटातल्या सगळ्यांनी बघितलंय. सगळ्या जगाला तुम्ही पार्टच समजता."

कस्तुराचे मेथीवरचे हात थांबले. भाऊ उठले. "व्हय, मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागले. मीही प्रसाद ठेवून घरी आले.

चार वाजता कस्तुरा दारात आली. "बाई, जरा येता का? पोरगी बोलंना झाली."

विजयश्री जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, लॅपटॉप मांडीवर. जेवणानंतर तिने संस्थेच्या संगणकाला घरूनच जोडून घेतलं होतं आणि दुसऱ्या प्रयोगाच्या पहिल्या क्षणी तबकडीत प्रत्यक्ष चुंबकत्व किती होतं ते मोजून बघितलं होतं. आपण किती घालायला सांगितलं ते तिने आजवर दहादा वाचलं होतं. आत किती आहे ते एकदाही मोजलं नव्हतं.

"ती ओळ जुन्याच्या जागी नवं ठेवत नाहीये, बाई. जुन्यात नवं मिळवतेय. शंभर होतं, त्यात एक घातलं. एकशे एक झालं." ती माझ्याकडे बघत होती, बापाकडे नाही. "दुसरा प्रयोग झालाच नाही. पहिलाच दोनदा झाला."

मग भाऊच बोलले, आणि जे बोलले ते त्यांच्या तोंडून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सोमवार हू दे की आदी. मॅडमनी बघितलंय, तज्ज्ञांना बी दिसनार न्हाई. प्रबंध लिहिताना नीट कर. तवर कोनाचं काय अडतंय?"

"आगं बया!" कस्तुरा कडाडली. "सवता ट्रकच्या पुढ्यात जाऊन हुबारला, आन् पोरीला ह्ये शिकवायलाव?"

"त्यो ट्रक व्हता, कस्तुरा. ही पोरगी हाय."

"म्हनून तर म्हनते!" कस्तुरा म्हणाली.

विजयश्रीने तेवढ्यात फोन लावलाही होता. उभी राहून, अगदी शाळेत धडा म्हणायला उभी राहायची तशी, तिने मृदुला मॅडमना सगळं सांगितलं. चूक कुठे आहे, किती मोठी आहे, कधीपासून आहे. मग ती "हो मॅडम", "हो मॅडम" म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"फाइल पाठव म्हणाल्या. सोमवार रद्द करायचा नाही. जेवढं खरं आहे तेवढंच सांग, म्हणाल्या. बंगळूरचं नाव त्या मागे घेतायत."

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते तेव्हा भाऊ आले आणि उंबऱ्याशीच बसले. आत या म्हटलं तरी येईनात.

"बाई, मी कशापायी बोललो? गप बसलो असतो तर काय बिघडलं असतं?"

दिव्यासमोर बसून खोटं बोलवत नाही. खरं सांगायचं तर, त्यांनी सोमवार होऊ दे म्हटलं तेव्हा दोन क्षण मलाही तेच वाटलं होतं. मी तसं सांगितलं.

"तुमाला बी?" ते म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. मग म्हणाले, "कंपनीत रिजेक्ट मारताना मी कदी मागं-फुडं बघितलं न्हाई. घरात बघितलं."

मी रामरक्षा म्हणेपर्यंत ते तिथेच बसून राहिले आणि मग सकाळी लवकर पहिल्या पाळीची बस असते म्हणून उठले.

सोमवारी काय झालं ते विजयश्रीने मला नंतर सांगितलं. पाऊण तासाचं भाषण पंचवीस मिनिटांत संपलं. तिने ती दोन्ही चित्रं दाखवलीच. वर लिहिलं होतं, 'ही दोन चित्रं एकाच प्रयोगाची आहेत, चूक माझी.' एका तज्ज्ञाने विचारलं, मग तुमच्या कामात नवं काय उरलं? ती म्हणाली, "आज तरी काही नाही." त्यांनी तिला प्रबंधाची परवानगी दिली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या म्हणाले. बंगळूरला तिच्याच गटातली सायली नावाची मुलगी गेली. त्या दिवशी विजयश्री घरी येऊन पिठलंभाकरी खाऊन झोपली, आणि पुढचा आठवडाभर बापाशी बोलली नाही. ती त्यांच्यावर रागावलीच होती. चूक तिची होती आणि प्रश्न बरोबर होता हे कळत असूनही रागावली होती. भाऊंनीही तिला छेडलं नाही. डबा भरताना दोघं ओट्यापाशी एकमेकांना वाट देत, एवढंच.

आठव्या दिवशी सकाळी भाऊ बूट घालत होते. तिने बाथरूमच्या दारातून, तोंडात ब्रश असतानाच विचारलं, "बाबा, डिमॅग केल्यावर किती आलं की सोडता तुम्ही? शून्य?"

"झिरो कदीच येत न्हाई," भाऊ नाडी बांधत म्हणाले. "तीनच्या आत आलं की सोडायचं. पन लिहून ठेवायचं किती आलं त्ये."

"रोज?"

"हरेक पार्टचं."

ते गेल्यावर तिने चूळ भरली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कस्तुरा तेवढं सांगायला माझ्याकडे आली, आणि साखर घेऊन गेली. साखर तिच्या घरात भरलेली होती.

पुढचे दिवस सगळे वाट बघण्याचे होते. त्या मोठ्या संगणकावर नंबर लावावा लागतो म्हणे, रेशनच्या दुकानासारखा. तीन आठवडे नंबरात गेले, मग प्रयोग सुरू झाला आणि दोन महिने चालला. या वेळी सुरुवातीला तिने जुनं चुंबकत्व काढल्यावर किती उरलं ते मोजून कागदावर छापून घेतलं होतं, नवं घातल्यावर किती झालं तेही. तो कागद घेऊन मॅडमकडे गेली तेव्हा मॅडमनी गटातल्या सगळ्यांना सांगितलं की यापुढे हा कागद लावल्याशिवाय कोणी काही दाखवायला आणायचं नाही. कागदाला त्या पोरांनी 'ज्योतीराम' नाव ठेवलंय. भाऊंना हे अजून कोणी सांगितलेलं नाही. कस्तुरा म्हणते, नकोच, सोजराबाईकडे दुप्पट रांग लागेल.

चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळी विजयश्रीने मला हाक मारली. प्रयोग संपला होता. भाऊ चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसले होते. तिने आधी त्यांच्यापुढे कागद धरला. त्यांनी आकडे बोटाने वरून खाली बघितले, मग मान हलवली. मग तिने चित्र चालू केलं.

मधोमध काळा ठिपका, भोवती गरगरणारी तबकडी. माल थोडा फुगत होता, कडेने धुरासारखा पसरत होता. वर शिखा नाही, खाली नाही. मी खूप वेळ वाट बघितली.

"कमी चुंबकत्वाने धार फुटत नाही," विजयश्री म्हणाली. "निदान आम्ही जेवढ्या वेळेचा हिशेब केला तेवढ्यात तरी नाही. म्हणजे पुस्तकातलं होतं तेच बरोबर निघालं. पण आता ते किती, याचा एक आकडा माझ्याकडे आहे. मधले दोन प्रयोग अजून लावलेत. ते आले की पुन्हा समितीपुढे जाईन."

"फिरीव की," भाऊ म्हणाले. "दुसऱ्या बाजूनं दाव."

तिने चित्र फिरवलं. दोघं पुढे वाकली. तिने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली होती, हे बहुधा तिच्याही लक्षात नव्हतं.

कस्तुरा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "निघाली का धार?"

"न्हाई."

"मग काय दिसतंय?"

"काय बी न्हाई."

"मग एवढं बघायलाव काय दोघं?"

"तेच," भाऊ म्हणाले. "गप ऱ्हा जरा."